शेऱ्याचा रकाना

मार्चमधली सकाळ होती. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे जोरात चालू होते आणि मी ज्या अडत दुकानाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर सांभाळते, तिथल्या दिवाणजींचा फोन आला. ते फोनवर कधी आवाज चढवत नाहीत. म्हणाले, "ताई, पट्टीवर आपल्या फोनचा कोड एकशे पंचावन्न आलाय. आन् पैल्या रकान्याच्या डोक्यावर इंग्रजीत फॉल्स म्हणून कायतरी छापलंय. शेतकरी इचारत्यात."

पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या हातात पडणारा हिशेबाचा कागद. किती पोती आली, वजन किती भरलं, भाव काय निघाला, हमाली-तोलाई किती वजा झाली आणि हातात किती राहिले, हे सगळं त्या एका कागदावर असतं. वर्षभर रानात राबलेला माणूस तो कागद घडी घालून खिशात ठेवतो आणि घरी गेल्यावर पुन्हा उघडून वाचतो. त्यावर दुकानाचा फोनच चुकीचा असेल, तर खालच्या आकड्यांवर त्यानं का विश्वास ठेवावा?

आदल्या रात्री मी हिशेबाच्या एकाही ओळीला हात लावला नव्हता. फक्त सेटिंग्जची फाइल जेसनमधून (JSON) यामलमध्ये (YAML) नेली होती; फाइलमध्ये माहिती लिहिण्याच्या या दोन पद्धती. माहिती तीच, मांडणी वेगळी. मला ते घर आवरण्यासारखं वाटलं होतं, भांडी या फळीवरून त्या फळीवर.

सांगलीचा एसटीडी कोड ०२३३. फाइलमध्ये तो इंग्रजी अंकांत, अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेला होता. यामलच्या १.१ आवृत्तीचा नियम असा की शून्यानं सुरू होणारा आणि पुढे सातपर्यंतचेच अंक असलेला आकडा अष्टमान पद्धतीतला, म्हणजे दहाऐवजी आठाच्या पटीत मोजायचा, समजायचा. मग २ गुणिले ६४, अधिक ३ गुणिले ८, अधिक ३. एकशे पंचावन्न. दुकान साताऱ्यात असतं, तर ०२१६२ चे ११३८ झाले असते. लातूरचा ०२३८२ मात्र सहीसलामत राहिला असता, कारण त्यात आठचा अंक आहे आणि अष्टमानात आठ हा अंकच नसतो. चुकीतही सातत्य नाही, ही या प्रकाराची सगळ्यात वाईट बाजू. एका गावी चालून जातं म्हणून आपण निर्धास्त होतो आणि दुसऱ्या गावी कागद चुकीचा छापला जातो.

'फॉल्स'चं कोडं सुटायला थोडा वेळ लागला. पट्टीच्या पहिल्या रकान्याचं शीर्षक मी इंग्रजीत 'नो' ठेवलं होतं, नंबरचं लघुरूप म्हणून. यामल १.१ मध्ये येस, नो, ऑन, ऑफ हे शब्द उघडे, म्हणजे अवतरणचिन्हांशिवाय, लिहिले की ते शब्द राहत नाहीत, त्यांचं खरं-खोटं होतं. 'नो' वाचलं, त्याचं 'खोटं' केलं, आणि छापताना पायथननं, म्हणजे माझा प्रोग्राम ज्या भाषेत लिहिलाय तिनं, प्रामाणिकपणे 'फॉल्स' छापलं. जगभर हा घोटाळा नॉर्वेच्या नावानं ओळखला जातो, कारण त्या देशाचा दोन अक्षरी कोड नेमका हाच आहे आणि देशांच्या यादीतून नॉर्वे नाहीसा होतो. आमच्याकडे नाहीसा झाला तो नंबर. मी तिथं मराठीत 'क्र.' लिहिलं असतं तर काही झालं नसतं. नाहीला नाहीच ठेवणारी भाषा माझ्याकडे होती, मीच ती वापरली नव्हती.

तिसरी चूक दुपारी सापडली. सौद्याची वेळ १०:३० लिहिली होती, तिचे ६३० झाले होते. दोन अंकांमध्ये विसर्गचिन्ह दिसलं की यामल १.१ ते साठाच्या पटीत मोजतं, तासांची मिनिटं करावीत तसं. दहा गुणिले साठ, अधिक तीस. हीच वेळ ०९:३० असती तर पाय-यामल ही पायथनमधली लायब्ररी, म्हणजे यामल वाचणारा तयार कोड, तिला हातही लावणार नव्हती, कारण पुढे शून्य आहे. हे नियम एकेकटे वाचले तर प्रत्येकामागे काहीतरी विचार दिसतो. २००९ साली आलेल्या १.२ आवृत्तीनं त्यातले बरेचसे काढूनही टाकले. पण पाय-यामल अजून १.१ च्याच वळणानं वाचते, आणि आपण कागदावरचा नियम वापरत नसतो, हातातलं अवजार वापरत असतो.

मग मी यामलकडे गेलेच का होते? त्याचं उत्तर दिवाणजींच्या एका प्रश्नात आहे.

दिवाणजींनी साठी ओलांडली आहे. कीर्द-खतावणी हातानं लिहिण्यापासून त्यांनी सुरुवात केली. कॉम्प्युटर आला तेव्हा कुरकुर न करता शिकले. दुकानातले दर, हमाली, पोत्याची तूट, छपाईच्या ओळी हे सगळं ज्या फाइलमध्ये आहे ती ते स्वतः नोटपॅडमध्ये उघडतात. मीच शिकवलं होतं, कारण दर बदलला की प्रत्येक वेळी मी विश्रामबागेतून यार्डात जाणं शक्य नव्हतं. तेव्हा ती फाइल जेसन होती. दोनदा असं झालं की शेवटच्या ओळीनंतर एक स्वल्पविराम राहिला आणि दुकान उघडायच्या वेळी प्रोग्राम सुरूच झाला नाही. जेसनला शेवटचा स्वल्पविराम चालत नाही. तरी त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. त्यांचा प्रश्न वेगळा होता. "ताई, ह्यात शेरा कुठं लिवायचा?"

मी म्हटलं, शेरा म्हणजे?

"म्हंजे हा दर असा का, ते. कवापासनं, कुणी सांगितलं. वहीत आपण शेजारी लिवतो न्हाई का."

मी सांगितलं की यात शेरा लिहिता येत नाही. ते काही क्षण पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मग ही वही कसली?"

सातबाऱ्याच्या उताऱ्यात गाव नमुना बारा पाहिला तर एका टोकाला शेऱ्याचा रकाना असतो. शाळेच्या दाखल्यावर शेरा असतो, नोंदवहीत असतो, रजेच्या अर्जावर साहेबांचा असतो. आपल्याकडची कागदपत्रं तयार करणाऱ्यांना कळलेलं होतं की आकडे भरून झाल्यावरही सांगण्यासारखं काहीतरी उरतं आणि त्याला जागा लागते. विहीर पडली, वाटणी झाली, पेरणी उलटली. ही माहिती कुठल्याच ठरीव रकान्यात बसत नाही, पण ती नसेल तर बाकीच्या रकान्यांचा अर्थ लागत नाही.

जेसनमध्ये शेरा का नाही याचं कारण मला माहीत होतं, आणि ते कारण चांगलं आहे. डग्लस क्रॉकफर्ड यांनी ही मांडणी २००० नंतरच्या पहिल्या वर्षांत लोकांसमोर आणली, ती दोन प्रोग्रामांनी एकमेकांना माहिती पाठवण्यासाठी. सुरुवातीला तीत टिपणं लिहिता येत होती. पण लोक टिपणांच्या आडून वाचणाऱ्या प्रोग्रामला सूचना देऊ लागले. असं चालू राहिलं तर एकाची फाइल दुसऱ्याला कळेनाशी होईल म्हणून त्यांनी टिपणंच काढून टाकली. निरोप्याच्या हातात द्यायच्या चिठ्ठीसाठी हा निर्णय अगदी योग्य होता. पुढे आम्ही सगळ्यांनी त्या चिठ्ठीची वही केली. त्यात क्रॉकफर्ड यांचा काय दोष? मात्र माणसाला शेरा लिहायची गरज इतकी असते की जेसनमध्येही त्यानं वाट काढली. जावास्क्रिप्टवाल्यांच्या एनपीएम या साधनाच्या पॅकेज फाइलमध्ये लोक दोन तिरक्या रेघा हेच एखाद्या नोंदीचं नाव करतात आणि समोर टिपण लिहितात. व्हीएस कोड या प्रोग्राम लिहायच्या एडिटरनं तर आपल्या सेटिंग्जसाठी टिपणं चालणारं जेसनच वापरलं.

आणखी एक गोष्ट मला जेसनच्या काळात खुपली होती. एकदा फाइल प्रोग्राममधून साठवली आणि उघडून बघते तर 'हळद' हा शब्दच नाही. त्या जागी उलटी तिरकी रेघ, यू, ०९३९, मग पुन्हा तेच करून ०९३३ आणि ०९२६. ह, ळ, द या तीन अक्षरांचे युनिकोडमधले क्रमांक. मशीनच्या दृष्टीनं दोन्ही सारखंच. पायथनला एक सूचना दिली की ते थांबतं, आणि मी ती दिलीही. पण ज्या गावाच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या गावातल्या हळदीच्या दुकानात दिवाणजींना स्वतःच्या फाइलमध्ये हळद वाचता येऊ नये, हे मला सहन झालं नव्हतं.

तर शेऱ्यासाठी मी यामल निवडलं. हॅशचं चिन्ह काढायचं आणि पुढे हवं ते लिहायचं. कंस नाहीत, स्वल्पविराम नाहीत, आत-बाहेर सरकवलेल्या ओळी. दिसायला एखाद्या नीटनेटक्या यादीसारखं. त्या मार्चच्या सकाळनंतर मी सगळ्या किंमतींना, म्हणजे प्रत्येक नावासमोर जे लिहिलेलं असतं त्याला, अवतरणचिन्हं लावून टाकली आणि काम चालू झालं. दिवाणजी खूश होते. त्यांनी फाइलभर शेरे लिहिले. मी ते वाचले असते तर पुढचं टळलं असतं.

एप्रिलमध्ये त्यांच्याकडून ओळीच्या सुरुवातीला टॅबचं बटण दाबलं गेलं आणि प्रोग्राम बंद पडला. यामलला ओळ सरकवायला टॅब चालत नाही, मोकळ्या जागाच लागतात, आणि नोटपॅडमध्ये या दोन्ही सारख्याच दिसतात. न दिसणाऱ्या चुकीबद्दल माणसाला कसं बोलायचं? म्हणून मी सेटिंग्जसाठी एक छोटा पडदा तयार केला. दर बदलायचा, बटण दाबायचं, प्रोग्राम फाइल वाचेल, आकडा बदलेल, परत लिहील. मला वाटलं, आता त्यांना फाइल उघडायलाच नको.

मे संपताना पावसाळ्यापूर्वीची तपासणी करायला बसले. दुकानाचं नदीकडच्या बाजूला एक भाड्याचं गोडाऊन आहे. पाटबंधारे विभाग आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी जाहीर करतो, दिवाणजी ती प्रोग्राममध्ये भरतात, आणि ठरलेल्या आकड्यावर गेली की मालक, हमालांचा मुकादम आणि गाडीवाले यांना संदेश जातो. फाइलमध्ये इशाऱ्यासाठी ३५ हा आकडा होता. मला तो चुकलेला वाटला. आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, हे सांगलीत शाळकरी पोरालाही तोंडपाठ असतं. मी ३५ चे ४० केले.

जूनमध्ये दिवाणजी म्हणाले, "ताई, पस्तीसचं चाळीस कुणी केलं?"

मी म्हटलं मी केलं, सरकारी पातळी चाळीस आहे.

"सरकारी हाय की. पर आपल्याला गोडाऊन मोकळं करायला दोन दीस लागत्यात. एकोणीसच्या पुरात चाळीस झाल्यावर गाडीच मिळाली न्हवती. ते मी तितंच लिवलं हुतं."

तिथंच लिहिलं होतं. मी जुनी प्रत काढून पाहिली. ३५ च्या शेजारी हॅश, आणि पुढे हेच वाक्य, थोडं नीट मराठीत. नव्या फाइलमध्ये ते नव्हतं. एकही शेरा नव्हता. पाय-यामल फाइल वाचताना टिपणं टाकून देते आणि परत लिहिते ती फक्त किंमती. माझ्या पडद्यानं एप्रिलमध्ये पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हाच दिवाणजींचे सगळे शेरे पुसले गेले होते, आणि सगळे आकडे जागेवर असल्यामुळे मला काही हरवल्याचं दिसलंच नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलावर पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. त्या दिवसांत सांगलीत जो होता त्याला त्या आकड्यांबद्दल समजावून सांगावं लागत नाही. त्याआधी २००५ च्या महापुरात हरिपूरची पेवं गेली. जमिनीखाली खणलेल्या त्या पेवांत पिढ्यान्‌पिढ्या हळद साठवली जायची, आत हवा न जाता ती वर्षानुवर्षं टिकायची. पाच फुटांचा फरक म्हणजे कागदावर नुसता एक आकडा. गोडाऊनच्या दारात तो फरक पोती कोरडी राहण्याचा किंवा न राहण्याचा असतो. ती चूक जूनमध्ये सापडली, ऑगस्टमध्ये नाही, एवढ्यावर निभावलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्यानंतर मी पहिल्यांदा नीट बसून विचार केला की ही फाइल कोण उघडतं, केव्हा उघडतं आणि त्याच्या हातात काय असतं. तोपर्यंत मी फक्त प्रोग्रामच्या बाजूनं पाहत आले होते.

आयएनआय (INI) या मांडणीचा विचार मी मनापासून केला. जुन्या विंडोजमधल्या विन डॉट आयएनआयपासूनची ही पद्धत. चौकोनी कंसात विभागाचं नाव, खाली नाव बरोबर किंमत, शेऱ्यासाठी अर्धविराम किंवा हॅश. तिला आजवर कुणी हसलं असेल तर ते चूक आहे, लहान कामासाठी तिच्यापेक्षा सोपं काही नाही. पण तिचं सर्वमान्य प्रमाण नाही, प्रत्येक प्रोग्राम आपापल्या परीनं वाचतो. शिवाय आमच्याकडे हळद, बेदाणा, गूळ अशी मालांची यादी आणि प्रत्येकाचे वेगळे दर, हे तिच्यात ओढूनताणून बसवावं लागतं. एक्सएमएल (XML) या मांडणीपाशी मी फार थांबले नाही. १९९८ मध्ये ते प्रमाण झालं, त्यात शेरा आहे, शिस्तही आहे. पण प्रत्येक गोष्टीचं नाव उघडताना एकदा आणि मिटताना एकदा लिहायचं, हे मी दिवाणजींना सांगू शकत नाही. पुण्यात नोकरीला असताना शेकडो ओळींच्या तसल्या फाइलींत एक सुटलेला कोनी कंस शोधत मी संध्याकाळी घालवल्या आहेत. आमच्याकडे शिकाऊ म्हणून येणारा मुलगा म्हणाला, मॅडम, सरळ पायथनचीच फाइल ठेवूया. मोह होतो. पण मग कुणीतरी दराच्या फाइलमध्ये 'जर-तर' लिहितं, आणि वहीचाच दुसरा प्रोग्राम होऊन बसतो.

टॉमल (TOML) या आणखी एका मांडणीपाशी मी थांबले. प्रोग्राम ठेवायच्या गिटहब या संकेतस्थळाच्या संस्थापकांपैकी टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी ते २०१३ मध्ये मांडलं, १.० आवृत्ती २०२१ च्या जानेवारीत आली. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या कार्गो या साधनानं ते सुरुवातीपासून वापरलं, आणि २०२२ मध्ये पायथनच्या ३.११ आवृत्तीत ते वाचण्याची सोय आतच आली. फक्त वाचण्याची, लिहिण्याची नाही. दिसायला ते आयएनआयच्या घरचंच आहे. ज्या गोष्टीमुळे मी त्याच्याकडे वळले ती अशी: त्यात अवतरणचिन्हांशिवाय ०२३३ लिहिलं तर ते १५५ होत नाही आणि ०२३३ ही होत नाही. फाइल वाचलीच जात नाही, कुठल्या ओळीत चूक आहे ते सांगितलं जातं. 'नो' उघडं लिहिलं तरी तेच. सुरुवातीला शून्य असलेली संख्या त्याला मान्य नाही, आणि शब्द हवा असेल तर अवतरणचिन्ह द्यावंच लागतं. वेळेसाठी स्वतंत्र जागा आहे, १०:३०:०० लिहिलं की ती वेळच राहते. अंदाज बांधण्यापेक्षा सकाळी आठ वाजता ते मला उठवतं, आणि मला ते चालतं. चुकीची पट्टी शेतकऱ्याच्या खिशात जाण्यापेक्षा दुकान दहा मिनिटं उशिरा सुरू झालेलं बरं.

त्यातही खुपणाऱ्या गोष्टी आहेत. यादीतल्या प्रत्येक मालासाठी दुहेरी चौकोनी कंस काढायचे, हे दिवाणजींना अजून रुचलेलं नाही. एकात एक, त्यात आणखी एक अशी खोल रचना असेल तर टॉमल दमवतं. ज्यांच्या फाइली तशा आहेत, त्यांनी यामल सोडावं असं मी म्हणणार नाही. आणि मला किंमतींची नावं मराठीत हवी होती, हमाली, तोलाई, तूट. १.० मध्ये उघडं नाव फक्त इंग्रजी अक्षरांत, अंकांत, आडव्या रेघेत चालतं. देवनागरी नाव अवतरणचिन्हांत घालावं लागतं. शेवटी नावं रोमन ठेवली आणि शेरे मराठी.

शेरे टिकण्याचा प्रश्न केवळ मांडणी बदलून सुटणारा नव्हता, हेही सांगायला हवं. यामलमध्येही रुआमेल नावाची लायब्ररी टिपणं जपून फाइल परत लिहिते. टॉमलमध्ये तेच काम टॉमलकिट करते, मी ती घेतली. मग दिवाणजींना बोलावून जुन्या प्रतीतले सगळे शेरे एकेक करून परत लिहिले. ते सांगत होते आणि मी टाइप करत होते. निम्म्या शेऱ्यांमागची गोष्ट मला तोपर्यंत माहीतच नव्हती. पोत्याच्या तुटीचा आकडा एका पावसाळ्यात ओल्या हळदीवरून झालेल्या भांडणातून ठरला होता. एका खरेदीदाराच्या पट्टीवर दोन प्रती काढायच्या, कारण त्याचा मुलगा हिशेब वेगळा ठेवतो. तीन वर्षं मी हे आकडे सांभाळत होते.

पासवर्ड तेवढे त्या फाइलमधून बाहेर काढले, ते आता मशीनच्या वातावरणात, म्हणजे फाइलबाहेर सिस्टिमच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये, ठेवलेत. वही सगळ्यांनी उघडायची असते, किल्ली तीत ठेवून चालत नाही.

गेल्या आठवड्यात पडद्यावरून हमालीचा दर बदलला आणि सवयीनं फाइल उघडून पाहिली. दिवाणजींनी मधल्या काळात ती नोटपॅडमध्ये हाताळली होती. सगळी बरोबरची चिन्हं एकाखाली एक यावीत म्हणून त्यांनी प्रत्येक नावापुढे मोजून मोकळ्या जागा सोडल्या होत्या, खतावणीत रकाने आखावेत तशा. प्रोग्रामनं हमालीचा आकडा बदलला होता, बाकी त्या रकान्यांना धक्का लागला नव्हता. ३५ च्या ओळीत शेरा होता. त्याखाली त्यांनी आणखी एक ओळ घातली होती: "मुकादमाचा नंबर बदलला, नवा वर टाकलाय. जुना पोराकडं असतो, रात्री तोच उचलतो."